माठाशी बोलणारी बाई

जाऊबाई, तुमच्या तेरवीला पंगत बसायच्या आधी दादासाहेब उभे राहिले आणि तुमच्यावर बोलले. "सोज्वळ बाई होती. घरंदाज. मितभाषी." मी दाराआड वरणाची बादली धरून उभी होते. मितभाषी ऐकलं आणि मला असं हसू फुटलं की बादली खाली ठेवावी लागली. तुम्ही असत्या तर हसता हसता तुमचाही पदर घसरला असता, आणि तालुक्याला पुन्हा वर्षभराचा विषय मिळाला असता.

मग हसू गेलं. पंगतीतली सगळी माणसं माना हलवत होती. तुम्हाला उभं राहून बोलताना ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तीसुद्धा. "हो ना, भल्ली शांत बाई होती," म्हणत पत्रावळी पुढे ओढत होती. तुमची राख थंड होते न होते तोच यांनी तुम्हाला गप्प बसवायला सुरुवात केली, अन् तीही स्तुती करून. म्हणून आज मी सगळं पहिल्यापासून बोलणार आहे. तुम्हाला ठाऊक असलेलंच आहे, पण ऐका. तुम्ही होत्या तेव्हा मी तुमचं ऐकलं, आता तुमची पाळी.

दादासाहेब म्हणजे आपल्या दोघींच्या नवऱ्यांचे चुलतभाऊ, वयानं थोरले, म्हणून आपले भासरे. आपल्याकडे भासऱ्याचा मान सासऱ्यापेक्षा वरचढ. ते ओसरीत आले की आपण खाटेवरून उठायचं, पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि त्यांच्याशी थेट एक शब्द बोलायचा नाही. फार तर काय, पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि बाजूला व्हायचं. काही विचारायचंच असेल तर भिंतीला विचारायचं. "भिंती, विचार बरं, भाकर वाढू काय?" आणि भासऱ्यांनीही भिंतीलाच सांगायचं, "वाढा म्हणा." मी आष्टीकडची. आमच्याकडे एवढं नव्हतं. नवी नवरी होऊन आले तेव्हा मला वाटलं, या घरातली माणसं थोडी डोक्यानं कमी आहेत. तुम्हीच मला चुलीपाशी बसवून रीत शिकवली. म्हणाल्या, "भिंतीशी बोलाची सवय कर, पोरी. भिंत उलटून बोलत नाई, एवढाच तिचा गुण."

तर हे दादासाहेब तालुक्याच्या पंचायत समितीचे सभापती झाले. निवडून कोणी बाई आली नव्हती आणि नियमाप्रमाणे सभागृहात एक तरी बाई घ्यावीच लागत होती. नावं निघाली. एक रिटायर मास्तरीणबाई होत्या, फाडफाड बोलणाऱ्या, त्यांचं नाव आलं तसंच गेलं. तुमचं नाव आलं आणि सगळ्यांना पटलं. तुम्हाला वाटलं घरचं माणूस म्हणून घेतलं. खरं काय ते मला पुढे सभेतल्याच वासुदेवरावांनी सांगितलं. दादासाहेब त्या बैठकीत हसून म्हणाले होते, "आमच्या धाकट्या भावाची बायको आहे. माह्यापुढं तोंड उघडत नाई."

बघा म्हणजे. सभागृहात बोलायचं तर सभापतींकडे तोंड करून, सभापतींना उद्देशून बोलायचं, असा नियम. आणि सभापती तुमचे भासरे. यांनी बाई अशी शोधून काढली की जिला खुर्चीत बसवता येईल आणि जी त्या खुर्चीतून उठूच शकणार नाही. मी पुष्कळ डोकेबाज माणसं पाहिली, पण असला डोकेबाजपणा नाही पाहिला बाप्पा.

बाईमाणूस एकटी तालुक्याला कशी जाणार, म्हणून सोबतीला मी. एसटीतून उतरून आपण दोघी त्या कचेरीत शिरलो तो पहिला दिवस आठवतो का? लांब टेबल, हिरवं कापड, भिंतीवर तसबिरी, डोक्यावर करकरणारा पंखा. दारापाशी तिवईवर पाण्याचा माठ आणि माठाशेजारी बाकडं. त्या बाकड्यावर मी. सगळे पुरुष एकमेकांना नावानं हाक मारत होते आणि तुम्हाला "वहिनी" म्हणत होते. तुम्ही आपल्या सुखावल्या. मलाही बरं वाटलं. वहिनीला कोणी मत विचारत नसतं, तिला चहा विचारतात, हे आपल्याला तेव्हा कुठे कळत होतं? शिपाई चहा घेऊन आला आणि कोणीतरी सहज म्हणालं, "वहिनी, बघा ना जरा." तुम्ही उठून कप भरले. शेवटी दादासाहेब कारकुनाकडे पाहून म्हणाले, "आता वहिनी आभार मानतीन." आभार मानायचे ते सभापतींचे. तुम्ही उभ्या राहिल्या, हात जोडले आणि बसल्या. केवढ्या टाळ्या पडल्या!

तुमचा आवाज किती मोठा होता हे त्या लोकांना काय ठाऊक! ज्वारी कणसात आली की मचाणावरून तुम्ही पाखरं हाकलायच्या. तुमची हाक नाल्यापलीकडच्या वावरात ऐकू जायची. तिकडची गडीमाणसं म्हणायची, बाईनं हाक मारली की आमची पाखरंही उडतात. तोच तुमचा आवाज त्या पंख्याखाली सुतासारखा बारीक व्हायचा. आणि पुरुष? ते तर बोलायच्या आधीच टेबल आपटायचे. एकदा रस्त्यावरून भांडण पेटलं आणि एक सदस्य दुसऱ्याला ओरडला, "होत नाही तर हातात बांगड्या भरून बसा!" मग त्याला तुम्ही दिसल्या. "माफ करजो वहिनी," म्हणाला. परतताना एसटीत तुम्ही खिडकीशी बसून हातातल्या बांगड्या फिरवत होत्या. म्हणाल्या, "ह्याच बांगड्या घालून मी सरकी पेरते, निंदते, कापूस वेचते. यायले काय वाटते, बांगड्या भरल्या म्हणजे हात लुळे पडतात?" मी हसले. तुम्ही हसल्या नाही.

मग तलावाचं निघालं.

आपल्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, दुष्काळी कामावर घाईघाईनं बांधलेला. त्याच्या मातीच्या पाळीखाली टोलीची वस्ती. तिथली माणसं आपल्या वावरात येतात, आपण त्यांच्या लग्नात जेवतो. पाळीच्या पायथ्याशी एक झिरा लागला होता, बायका तिथूनच पाणी भरायच्या. त्या वर्षी भादव्यात टोलीतली पार्वता तुमच्याकडे आली. म्हणाली, "बाई, झिऱ्याचं पाणी गढूळ येऊन राह्यलं." आपण दोघी बघायला गेलो. कुठल्याही पाळीतून थोडं पाणी पाझरतं, त्याचं काही नाही, ते नितळ असतं. गढूळ आलं म्हणजे पाण्याबरोबर पाळीच्या पोटातली माती यायला लागली. हे आपलं ज्ञान नाही. कचेरीतल्या ओव्हरसियरनं व्हरांड्यात, इकडे तिकडे बघत, हळू आवाजात तुम्हाला सांगितलं होतं. आणि आत सभेत गेल्यावर तोच मोठ्यानं बोलला, "पाहणी केली. चिंतेचं कारण नाही." माणसाला दोन आवाज असतात, एक व्हरांड्यातला आणि एक टेबलापुढचा, हे मी त्या दिवशी पाहिलं. तुमच्याकडे टेबलापुढचा नव्हताच.

आणि मग तुम्ही ते केलं. तुमच्याशिवाय कोणाला सुचलंच नसतं.

उभ्या राहिल्या. पदर कपाळापर्यंत. सभापतींकडे पाठ नाही, तोंडही नाही. दारापाशी माझ्याकडे वळल्या, आणि मला वाटलं घरी जाऊ म्हणतात. तुम्ही माझ्या शेजारच्या माठाकडे पाहिलं आणि बोलल्या, "माठा, तू थंड डोक्याचा आहेस म्हणून तुलेच विचारते. तलावाच्या पाळीतून गढूळ पाणी येऊन राह्यलं. खाली टोलीवर लेकरंबाळं झोपतात. पाळ कधी दुरुस्त होईन, थे तुह्या मालकाले विचारून सांगशीन काय?"

अख्खं सभागृह हसलं. दादासाहेबही हसले. लेकी बोले सुने लागे, ते कोणाला कळत नव्हतं? पण हसण्यावारी नेण्यासारखी सोय दुसरी नाही. त्यानंतर प्रत्येक सभेत तुम्ही माठाशी बोलल्या. लोक वाट बघायला लागले. "वहिनी, आज माठाले काय सांगता?" कोणीतरी माठाला टोपीसुद्धा घातली एकदा. मी ती काढून खाली ठेवली. तुम्ही तेवढ्या हशातही वाक्य पूर्ण केलं होतं.

वासुदेवराव सगळ्यांत तरुण सदस्य, वकिली शिकलेले, मनानं वाईट नाहीत. तेच एकदा व्हरांड्यात म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोलल्या की लोक हसतात. तुमचा मुद्दा मी मांडतो." आणि मांडला. तुमचीच वाक्यं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त टेबलावर मूठ आपटली आणि आवाज छातीतून काढला. कोणी हसलं नाही. माणसं सावरून बसली. "गंभीर बाब आहे," म्हणाली. नोंद झाली: वासुदेवरावांनी तलावाचा मुद्दा मांडला. तुम्ही इतक्या खुश झाल्या की एसटी स्टँडवर मला भजे खाऊ घातले. मी म्हटलं, "अवो, पण नाव तर त्याइचं लागलं." तुम्ही म्हणाल्या, "नाव कोणाचंही लागो माय, पाळ दुरुस्त झाली म्हणजे झालं." तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी मलाही भजे गोडच लागले होते.

पुढे वासुदेवरावांना कुठल्याशा समितीचं पद मिळालं, फिरायला जीप मिळाली. आणि मागच्या उन्हाळ्यातल्या सभेत ते उभे राहून खाली बघत म्हणाले, "तलावाचा मुद्दा मी मागं घेतो. माझं समाधान झालं."

तुम्ही ताडकन उभ्या राहिल्या. तरीही माठाकडेच बघून म्हणाल्या, "मुद्दा माहा आहे. माहा मुद्दा दुसरा कसा मागं घेईन?"

दादासाहेब कारकुनाला म्हणाले, "सांगा त्याइले, नोंदीत वासुदेवरावांचं नाव आहे. ज्याचा मुद्दा त्यानं मागं घेतला. माठाच्या नावानं नोंद होत नाई." पुन्हा हशा. त्या हशात तुम्ही माझ्याकडे पाहिलं. तुमच्या मनात काय चाललंय ते मला दिसलं आणि मी मान हलवून "नाही, नाही" म्हटलं. तोवर तुम्ही वळल्याही होत्या. मान वर करून सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मान वर झाली तसा पदर खांद्यावर आला. तो तुम्ही तिथेच राहू दिला.

"सभापती महोदय."

मचाणावरचा आवाज होता तो. पलीकडच्या खोलीत टाइपरायटर थांबला.

"पाळ फुटणार आहे. तुमाले माहीत आहे, ओव्हरसियरले माहीत आहे, इथं बसलेल्या समद्याइले माहीत आहे. उद्या टोली वाहून गेली तर मी कोणाच्या घरी रडाले जाणार नाई. एक एक मुडदा उचलून इथं आणीन अन् ह्या टेबलावर ठेवीन. मंग माठाले विचारा, मुद्दा कोणाचा होता."

एक माणूस हसला नाही. आता दादासाहेब चिडतील, ओरडतील, निदान उत्तर तरी देतील, असं मला वाटलं. त्यांनी काय केलं? डोळे खाली घातले. भावाच्या बायकोला उघड्या डोक्यानं पाहू नये म्हणून, अगदी रीतीप्रमाणे. आणि हलक्या आवाजात कारकुनाला म्हणाले, "घरच्या लक्ष्मीच्या डोक्यावर पदर नाई. अशा सभेत मले बसवत नाई. तहकूब करा." सगळे पुरुष उठले आणि मयताला आल्यासारखे माना खाली घालून तुमच्यासमोरून बाहेर गेले. वासुदेवरावसुद्धा.

त्यानंतर तालुक्यात काय चर्चा झाली? पदराची. एसटीत पदर, दवाखान्यात पदर, कापसाच्या गाड्यांपाशी पदर. पदर आपसूक घसरला की मुद्दाम घसरवला, यावर लोकांनी पैजा लावल्या. बायकांनीसुद्धा. पाळीबद्दल मला एकानंही विचारलं नाही. पाळीचा विषय त्या पदराखाली असा झाकून गेला की शोधून सापडेना. दादासाहेबांनी एक शब्द आवाज चढवला नव्हता, आणि अख्ख्या तालुक्याचं बोलणं फिरवून दाखवलं होतं.

आठवडाभरात त्यांच्याकडून लुगडं आलं. चांगलं भारी, लाल काठाचं. निरोप होता, "याचा पदर मोठा आहे. डोक्यावर राहीन." तुमच्या मालकांना वाटलं, दादासाहेबांनी मनावर घेतलं नाही, मोठ्या मनाचा माणूस. ते निवांत झाले. तुम्ही लुगड्याची घडी मोडली नाही. पेटीच्या तळाशी ठेवलं आणि मला म्हणाल्या, "हे पाह्यलं काय? यायनं मले आतापासूनच कफन धाडलं." मी तुमच्या तोंडावर हात ठेवला. भरल्या घरात असं बोलतात काय?

आपलं भांडण तेव्हापासूनचं. कापूस वेचताना एका ओळीत तुम्ही, एका ओळीत मी, आणि मधे ते भांडण. मी म्हणायची, "तुमी पदर राहू दिला असता तं त्याइले पाळीबद्दल बोलावं लागलं असतं. पळाची वाट तुमीच दिली." तुम्ही म्हणायच्या, "पदर ठेवून दोन वर्षं बोलली ना मी? कोणाशी? माठाशी." मी म्हणायची, "मंग काढून काय भेटलं?" तुम्ही ओटीतला कापूस दाबत म्हणायच्या, "ठेवला तं हसतात, काढला तं उठून जातात. दुसऱ्याच्या तोंडून बोलावं तं थो मुद्दाच इकून टाकते. मंग तूच सांग ना माय, बाईनं बोलावं कसं?" मी पुढच्या झाडाकडे वळायची. दर वेळी तिथेच यायचो आपण आणि तिथेच थांबायचो.

मागच्या वर्षी पावसानं दगा दिला. तलाव अर्धाही भरला नाही म्हणून पाळ वाचली, आणि लोक म्हणाले, "पाह्यलं? काय झालं? बाई उगाच कल्ला करत होती." देवानंही त्यांच्याच बाजूनं मत दिलं, असं तुम्ही म्हणाल्या होत्या. सभेच्या नोटिसा तुम्हाला सभा होऊन गेल्यावर मिळायला लागल्या. तरी तुम्ही जात होत्या, रिकाम्या सभागृहात उभ्या राहून परत येत होत्या. एकदा मी विचारलं, कोणी नव्हतं तर काय केलं? म्हणाल्या, "माठ होता ना."

यंदा मात्र पाऊस मृगापासूनच झोडपून राह्यला. श्रावण लागायच्या आत तलाव काठोकाठ भरला. तुम्ही रोज पोतं डोक्यावर घेऊन पाळीवर जात होत्या. एके जागी म्हशीचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, पाळीवरची बाभूळ टोलीकडे कलली. मग तुम्हाला हिवतापानं धरलं आणि तो डोक्यात गेला. वर्ध्याला न्यायला जीप आली ती वासुदेवरावांची. तोच माणूस चिखलातून जीप काढत होता आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. मी मागे तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तुमचा मुद्दा नेणारा तोच आणि तुम्हाला नेणाराही तोच.

दवाखान्यात तापाच्या भरात तुम्ही पाखरं हाकलत होत्या. अख्खा वार्ड दणाणला. नर्स येऊन म्हणाली, "बाई, हळू. बाकीच्या पेशंटांना त्रास होतो." जाऊबाई, मी त्या नर्सवर अशी ओरडले की तीच हळू झाली. ओरडू द्या म्हटलं त्यांना, त्यांचा हक्क आहे. पहाटे तुम्ही एकदाच शुद्धीवर आल्या. मला वाटलं घरच्यांचं विचाराल, लेकीचं विचाराल. तुम्ही विचारलं, "टोलीवर सांगतलं काय, वरच्या शेतात झोपत जा म्हणून?" मी हो म्हटलं. माझी एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती, ती तेव्हाच राहून गेली. तुम्ही त्या दिवशी पदर खांद्यावर घेऊन उभ्या होत्या ना, तेव्हा मी भ्यालेही होते आणि मला तुमचा अभिमानही वाटला होता. भांडत राहिले, पण हे कधी बोलले नाही. तुमच्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तुम्हाला अंगणात ठेवलं तेव्हा दादासाहेबांच्या बायकोनं रीतीप्रमाणे लुगडं घातलं. पुन्हा भारीच. आणि वाकून त्याचा पदर तुमच्या डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला. नीट, सुरकुती काढून. मी शेजारीच होते. तो मागे सारावा असं माझ्या हाताला वाटलं. पण माणसं उभी होती, आणि तुम्ही आता वादाच्या पलीकडे गेल्या होत्या.

तेरवीच्या दिवशी पार्वता मागच्या दारानं आली. पितळी लोटा तुमच्या फोटोपुढे ठेवला. "बाईले दाखवाचं होतं, राहून गेलं," म्हणाली. झिऱ्याचं पाणी होतं. थोड्या वेळानं मी पाहिलं तर तळाशी बोटभर माती बसली होती. पाळीची माती. टोलीतल्या निम्म्या लोकांनी शेळ्या वरच्या शेतात नेऊन बांधल्या आहेत, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन या पावसात जायचं कुठे?

पंगती उठल्यावर दादासाहेब ओसरीत बसले. वासुदेवराव होते, माझे हे होते. मी दाराआड. पानसुपारी झाली आणि दादासाहेब म्हणाले, "भिंती, धाकट्या बाईले विचार, सभेत येतीन काय? आता जागा रिकामी आहे. घरातलीच बाई असलेली बरी. काही करायचं नाई, बसायचं तं आहे." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "धाकटी गरीब आहे सोभावानं."

मी म्हटलं, "भिंती, सांग, येईन."

ते खुश होऊन गेले. हे मला नंतर म्हणाले, "तू काऊन हो म्हटलं वो?" मी म्हटलं, "बसायचं तं आहे."

पोळ्याच्या आधी सभा आहे, जाऊबाई. तुमची पेटी मी उघडली. ते लाल काठाचं लुगडं काढलं, ज्याची घडी तुम्ही मोडली नव्हती. तेच नेसून जाईन. त्याचा पदर खरंच मोठा आहे. कपाळापर्यंत ओढीन, एक केस दिसू देणार नाही. कोणाला उठून जायला कारण मिळणार नाही. माठाकडे बघणार नाही. चहाच्या वेळी "वहिनी, बघा ना जरा" म्हणतील, तेव्हा मी उठेन. भासऱ्यापुढे तोंड उघडायला बंदी आहे, पाणी द्यायला नाही. पार्वताचा लोटा मी त्यांच्यापुढे, त्या हिरव्या कापडावर ठेवीन. हलवून ठेवीन. आणि म्हणीन, "सभापती महोदय, पाणी घ्या. टोलीचं आहे." आणि ते पितील किंवा उत्तर देतील तोवर बाजूला होणार नाही. घरच्या सुनेनं दिलेलं पाणी भरल्या सभेत नाकारता येत नाही, हे त्यांनीच मला भिंतीकडून शिकवलं आहे.

बाईनं बोलावं कसं, असं तुम्ही विचारत होत्या. मला एवढंच सुचलं. चूक असेल तर वरून भांडा.

लोटा मी देवळीत झाकून ठेवला होता. पण आज सकाळी पार्वता दुसरा घेऊन आली. म्हणाली, बाई, तो टाकून द्या, हा न्या. मी तो दुपारपर्यंत खाली ठेवून बघत बसले. याच्यात तळाशी काही बसतच नाही, जाऊबाई. वरपासून खालपर्यंत सगळं गढूळच राहतं. आणि सभेला अजून चार दिवस आहेत.